‘टू’ कुठे लावायचा, कुठे गाळायचा
इंग्रजी इन्फिनिटिव्हच्या सरावाविषयीच्या चर्चेचा नागपूरच्या वर्गांतून घेतलेला आढावा

‘आय डिड नॉट वेंट.’ ‘सर मेड मी टू वेट.’ ‘आय वेंट टू मार्केट फॉर बाइंग बुक.’ नागपूर विभागात दहावी-बारावीचे इंग्रजीचे पेपर तपासणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला ही तीन वाक्यं नवी नाहीत. पहिली चूक काळाच्या खात्यात टाकली जाते, दुसरी प्रयोजक वाक्याच्या आणि तिसरी प्रिपोझिशनच्या. प्रत्यक्षात तिन्हींचं मूळ एका जागी आहे. काळ, पुरुष आणि वचन यांपैकी कशाचंच ओझं न घेणारं क्रियापदाचं रूप, म्हणजे इन्फिनिटिव्ह, कुठे आणि कसं बसवायचं याचा सराव मुलांना पुरेसा मिळालेला नसतो.

हा सराव कसा द्यावा याबद्दल गेल्या शतकभरात बरंच बोललं आणि लिहिलं गेलं आहे. नियम आधी की वापर आधी? मराठीचा आधार घ्यावा की टाळावा? पाठांतर, भाषांतर, वाक्यसाचे की प्रत्यक्ष काम? या चर्चेतले बहुतेक मुद्दे इंग्लंड, अमेरिका किंवा दक्षिण भारतातल्या वर्गांतून आले. विदर्भातलं मूल घरी वऱ्हाडी किंवा नागपुरी बोलतं, रस्त्यावर हिंदी बोलतं, पुस्तकात प्रमाण मराठी वाचतं आणि मग इंग्रजीकडे येतं. त्याच्या बाजूने या चर्चेकडे पाहिलं की तिचं चित्र थोडं वेगळं दिसतं.

रूप एक, कामं अनेक

इन्फिनिटिव्हची दोन रूपं शाळेत सांगतात: ‘टू’सह आणि ‘टू’शिवाय. ‘आय वॉन्ट टू गो’ हे पहिलं, ‘आय कॅन गो’ हे दुसरं. त्यापुढे ‘टू बी गोइंग’, ‘टू हॅव गॉन’, ‘टू बी डन’, ‘टू हॅव बीन डन’ अशी रूपांची मालिका येते. वापराची यादी आणखी लांब आहे. ‘ही केम टू सी मी’ मध्ये हेतू आहे, ‘अ बुक टू रीड’ मध्ये नामाला जोड आहे, ‘इझी टू रीड’ मध्ये विशेषणाला. ‘हाऊ टू कुक’ मध्ये ते प्रश्नशब्दामागे येतं आणि ‘आय वॉन्ट हिम टू कम’ मध्ये कर्म व क्रिया एकत्र बांधतं.

‘टू’ नेमका काय आहे, यावर व्याकरणकारांचंच एकमत नाही. जुन्या इंग्रजीत तो शब्दयोगी अव्ययच होता आणि त्याच्यापुढचं क्रियारूप चतुर्थीसारख्या विभक्तीत येई. रोख कशाकडे आहे हे तो दाखवत असे. पुढे विभक्ती झिजली आणि ‘टू’ नुसती खूण म्हणून उरला. आज काही अभ्यासक त्याला सहायक क्रियापद मानतात. हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२च्या केंब्रिज व्याकरणात तो उपवाक्याच्या तोंडाशी येणारा जोडशब्द आहे, क्रियापदाचा भाग नव्हे. त्याच व्याकरणात आणखी एक गोष्ट स्पष्ट मांडली आहे, आणि वर्गाच्या दृष्टीने ती मला सर्वांत उपयोगी वाटते. ‘गो’, ‘सिट’, ‘बी’ हे क्रियापदाचं साधं रूप आज्ञार्थातही तेच आणि इन्फिनिटिव्हमध्येही तेच. म्हणजे पहिलीतलं मूल ‘सिट डाऊन’ ऐकून खाली बसतं, तेव्हाच या रूपाशी त्याची ओळख झालेली असते. शाळा मात्र त्याचं नाव नववी-दहावीत सांगते, आणि तेव्हा तो एक नवाच धडा वाटतो.

पुस्तकांनी घडवलेली सवय

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले आणि त्यांनी इथे शाळा उभी केली. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ मध्ये, मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये आणि नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये सुरू झालं. या सर्व काळात इंग्रजी शिकणं म्हणजे प्रामुख्याने भाषांतर करणं होतं. मुंबईकडे दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ मध्येच छापलं गेलं होतं. पुढे तर्खडकर या नावाने ओळखली जाणारी तीन भागांची भाषांतर पाठमाला पिढ्यान् पिढ्या घरोघरी वापरली गेली. तिच्यात इन्फिनिटिव्ह मराठी वाक्यातून येतो: ‘तो मला भेटायला आला’ याचं इंग्रजी करा. मराठी शिकून मोठं झालेल्या माणसाला स्वतःच्या बळावर इंग्रजीत शिरण्याचा रस्ता या पाठमालेने दिला, हे तिचं श्रेय निर्विवाद आहे.

दुसरी परंपरा इंग्रजीतूनच इंग्रजी व्याकरण सांगणाऱ्या पुस्तकांची. आधी नेसफिल्ड, मग १९३५ पासून रेन अँड मार्टिन. यातले पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केलेले गृहस्थ, आणि ‘बो जेस्ट’ या कादंबरीचे लेखकही. या पुस्तकातला इन्फिनिटिव्हचा सराव तीन प्रकारचा आहे: ओळखा, प्रकार सांगा, दोन वाक्यं जोडून एक करा. तिथे व्याख्या आधी येते आणि वाक्य मागून. नागपुरातल्या स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत आजही हेच पुस्तक पायाभूत मानलं जातं.

तिसरा प्रवाह वाक्यसाच्यांचा. हॅरल्ड पामर, बंगालमध्ये काम केलेले मायकेल वेस्ट आणि शब्दकोशकार हॉर्नबी यांनी वाक्यांचे नमुने आणि शब्दांच्या वारंवारितेच्या याद्या तयार केल्या. हॉर्नबींच्या १९५४च्या पुस्तकात प्रत्येक क्रियापद कुठल्या साच्यात बसतं ते सांगितलं आहे. ‘वॉन्ट’ हा कर्म आणि ‘टू’ दोन्ही घेतो, ‘सजेस्ट’ घेत नाही. १९५०-६०च्या दशकांत भारतभर स्ट्रक्चरल पद्धत आली, तिचं मूळ इथे आहे. फळ्यावर तक्ता काढायचा, पहिल्या रकान्यात ‘आय, वुई, दे’, दुसऱ्यात ‘वॉन्ट टू’, तिसऱ्यात ‘गो, ईट, प्ले’. मग वर्गाने एका सुरात पन्नास वाक्यं म्हणायची.

विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६६ मध्ये राज्य मंडळ आणि १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाल्यावर नागपूर, पुणे, औरंगाबाद इथली मुलं एकाच पुस्तकातून शिकू लागली. त्या पुस्तकांवर दीर्घकाळ वाक्यसाच्यांची छाप होती. पूर्वी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० पासून, ते पहिलीपासून सुरू झालं. त्याबरोबर गाणी, सूचना, चित्रं आणि संवाद पुस्तकात आले. मात्र वरच्या वर्गांत व्याकरणाचे प्रश्न जुन्याच धाटणीचे राहिले. एकाच मुलाच्या दहा वर्षांत दोन वेगळ्या पद्धती एकमेकींना न भेटता शेजारी उभ्या आहेत, आणि आजच्या गोंधळाचा मोठा भाग यातून आला आहे असं माझं मत आहे.

तीन भूमिका

पहिली भूमिका नियमाची. तिचे समर्थक म्हणतात, आठवड्याला मोजके तास इंग्रजी कानावर पडणाऱ्या मुलाने नुसतं ऐकून ‘मेक’ आणि ‘लेट’नंतर ‘टू’ येत नाही हे हेरावं, ही अपेक्षा अवाजवी आहे. त्याला ते सांगितलं पाहिजे. लंडनमधलं मूल आणि उमरेडमधलं मूल यांच्या कानावर पडणाऱ्या इंग्रजीचं प्रमाणच वेगळं आहे. हा युक्तिवाद वजनदार आहे. याविरुद्धचा आक्षेपही तितकाच खरा आहे: नियम तोंडपाठ असलेलं मूल मोकळ्या निबंधात तीच चूक करतं.

दुसरी भूमिका अर्थाची. १९८२ मध्ये स्टीफन क्रॅशन यांनी मांडलं की जाणीवपूर्वक शिकलेला नियम बोलण्याच्या ओघात फारसा कामी येत नाही. भाषा अंगवळणी पडते ती समजेल असं भरपूर ऐकल्या-वाचल्याने. भारतात याच्या जवळची भूमिका एन. एस. प्रभूंनी प्रत्यक्ष वर्गात तपासली होती. १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास आणि इतर काही ठिकाणच्या साध्या सरकारी व तत्सम शाळांत त्यांचा प्रकल्प चालला. व्याकरणाचा ठरलेला क्रम नाही, साच्यांचं पाठांतर नाही. त्याऐवजी रेल्वेचं वेळापत्रक वाचून कुठली गाडी पकडायची ते ठरवा, नकाशावरून रस्ता सांगा, अशी कामं. मन अर्थात गुंतलं की रूप आपोआप घडतं, हा त्यामागचा विश्वास. बेरेट्टा आणि डेव्हिस यांनी १९८५ मध्ये या प्रकल्पाचं मूल्यमापन प्रसिद्ध केलं. रचनेच्या चाचणीत जुन्या पद्धतीची मुलं सरस ठरली, तर आकलन, श्रुतलेखन आणि संदर्भात व्याकरण वापरण्याच्या चाचण्यांत प्रभूंची. ज्या गोष्टीचा सराव, तीच येते, असा त्याचा साधा अर्थ लावता येतो. पण आपल्याला मुलांकडून हवं काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

प्रभूंच्या वर्गात ‘टू’ची रूपं भरपूर वापरली जात असणार, कारण ‘कुठे जायचं’, ‘काय घ्यायचं’, ‘कसं पोचायचं’ ही नियोजनाची भाषाच इन्फिनिटिव्हची आहे. नागपूरच्या मुलांना ‘सेवाग्राम एक्सप्रेसने दादरला जायचं आहे, काय काय ठरवावं लागेल?’ असा प्रश्न दिला तरी ‘डिसाइड टू’, ‘नीड टू’, ‘हाऊ टू’ ही रूपं न बोलावता येतात.

तिसरी भूमिका या दोघांच्या मधली. मायकेल लाँग यांनी १९९०च्या सुमारास सुचवलं की लक्ष अर्थावर ठेवावं, पण अडखळलं तिथे थोडं थांबून रूपाकडे पाहावं. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांवरून दाखवलं होतं की वर्षानुवर्षं ऐकूनही मुलांच्या बोलण्यात व्याकरण कच्चं राहतं. बोलायला आणि लिहायला भाग पाडलं तरच आपल्याला काय येत नाही ते कळतं. नॉरिस आणि ऑर्टेगा यांनी २००० मध्ये ४९ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र पाहिले, तेव्हा नियम उघड सांगून केलेलं शिक्षण न सांगता केलेल्या शिक्षणापेक्षा परिणामकारक दिसलं. मात्र त्यांनी स्वतःच बजावलं होतं की या अभ्यासांतल्या बऱ्याच चाचण्या रिकाम्या जागा भरण्यासारख्या होत्या, आणि अशा चाचणीत नियम शिकलेल्याचं पारडं आधीच जड असतं. अलीकडे, २०१९ मध्ये, नाकाता आणि सुझुकी यांनी जपानी विद्यार्थ्यांबरोबर केलेल्या प्रयोगात एकाच रूपाचे सलग प्रश्न सोडवण्यापेक्षा वेगवेगळी रूपं मिसळून केलेला सराव जास्त काळ टिकला. त्यांचा प्रयोग व्याकरणातल्या इतर रूपांवर होता, पण आपल्या वर्गांसाठी त्यातला इशारा थेट आहे. आपल्याकडे ‘इन्फिनिटिव्ह’ या मथळ्याखाली वीस वाक्यं येतात आणि सगळ्या उत्तरांत ‘टू’च असतो. तो कुठे नको हे ठरवण्याची वेळच मुलावर येत नाही.

मराठी, वऱ्हाडी आणि ‘टू’

मातृभाषेचा प्रश्न या चर्चेत सर्वांत समृद्ध आहे. इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच, हा डायरेक्ट मेथडपासून चालत आलेला आग्रह. त्याच्या बाजूने सांगितलं जातं की मराठी आली की मूल प्रत्येक वाक्य मनात आधी मराठीत रचू लागतं, आणि वेग कधीच येत नाही. शिवाय नागपूरच्या एका वर्गात मराठीबरोबर हिंदी, छत्तीसगढी, तेलुगू, गोंडी घरांतली मुलं असतात, मग आधार कुठल्या भाषेचा घ्यायचा? उलट बाजूने १९६७ मध्ये सी. जे. डॉडसन यांनी द्वैभाषिक पद्धत मांडली. अर्थ मातृभाषेत पटकन सांगावा आणि वाचलेला वेळ सरावाला द्यावा, हा तिचा गाभा. २००५चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आणि २०२०चं शिक्षण धोरण, दोन्ही मुलाच्या भाषांना वर्गात जागा द्यायला सांगतात.

इन्फिनिटिव्हच्या बाबतीत मराठीचा आधार कुठवर पुरतो हे रूपं समोर ठेवूनच पाहायला हवं.

मराठीत इंग्रजी इन्फिनिटिव्हचं काम एका रूपाकडे नाही, ते अनेकांत वाटलेलं आहे: ‘करणं’, ‘करायला’, ‘करू’, ‘करायचं’, ‘करण्यासाठी’, ‘करावं’. यातलं ‘-आयला’ हे रूप आश्चर्य वाटावं इतकं ‘टू’जवळ जातं. ‘खेळायला गेला’, ‘वाचायला पुस्तक’, ‘वाचायला सोपं’, ‘लावायला विसरलो’. चारही ठिकाणी इंग्रजीत ‘टू’ येतो. यातला शेवटचा ‘ला’ हा विभक्तीचाच प्रत्यय आहे, जुन्या इंग्रजीतला ‘टू’ जसा रोख दाखवत असे तसाच. वऱ्हाडी-नागपुरीत तर हे आणखी उघड दिसतं. ‘मला’चं ‘मले’ होतं आणि ‘खेळायला’चं ‘खेळाले’. ‘पोट्टे खेळाले गेले’ यातला ‘ले’ आणि ‘मले दे’ यातला ‘ले’ एकच. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५च्या सातव्या खंडात या बोलींची नोंद आहे, म्हणजे हे ज्ञान कागदावर येऊन शतक उलटलं. घरी ‘खेळाले’ म्हणणाऱ्या मुलाला शाळेत आधी ‘खेळायला’ म्हणायला लावून मग ‘टू प्ले’कडे नेणं हा मला लांबचा रस्ता वाटतो.

दुसरं रूप ‘-ऊ’. ‘जाऊ शकतो’, ‘जाऊ दे’. इथे ‘ला’ नाही, आणि इंग्रजीत ‘कॅन गो’, ‘लेट मी गो’ इथे ‘टू’ही नाही. ही जोडी मुलाला एकदा दाखवली की ती सहसा विसरली जात नाही.

जुळणीची आणखी एक जागा अशी की जिथे इंग्रजीची पुस्तकं पानभर खर्च करतात. ‘स्टॉप्ड टू टॉक’ आणि ‘स्टॉप्ड टॉकिंग’ यांतला फरक मराठी मूल जन्मापासून जाणतं: ‘तो बोलायला थांबला’ आणि ‘तो बोलायचा थांबला’. ‘दार लावायला विसरलो’ आणि ‘दार लावल्याचं विसरलो’ हेही तसंच. ड्वाइट बोलिंजर यांनी १९६८ मध्ये मांडलं होतं की इंग्रजीत ‘टू’चं रूप अजून न घडलेल्या, मनातल्या गोष्टीकडे झुकतं आणि ‘-इंग’चं रूप प्रत्यक्षातल्या गोष्टीकडे. मराठीतल्या ‘लावायला’ आणि ‘लावल्याचं’ या रूपांत नेमका हाच भेद आहे, आणि तोही जास्त स्पष्ट. ‘आवडणे’ मात्र मराठीत दोन्ही घेतो, ‘पोहायला आवडतं’ आणि ‘पोहणं आवडतं’. त्यामुळे ‘एन्जॉय टू स्विम’ ही चूक मराठीने रोखली जात नाही.

आता तुटणाऱ्या जागा. ‘थांबायला लावलं’ यात ‘ला’ आहे, म्हणून मूल ‘मेड मी टू वेट’ लिहितं. ‘जायला हवं’ वरून ‘शुड टू गो’. ‘रडू लागला’ मध्ये ‘ला’ नाही, पण ‘बिगॅन टू क्राय’ला ‘टू’ लागतो. ‘घेण्यासाठी’मधल्या ‘साठी’वरून ‘फॉर बाइंग’. ‘भेटून आनंद झाला’मधल्या ‘ऊन’चा इंग्रजीत पत्ताच नाही, तिथे ‘ग्लॅड टू मीट यू’. ‘करावं लागतं’ला वऱ्हाडीत ‘करा लागते’ म्हणतात, त्यात तर खूणच उरत नाही. आणि सर्वांत मोठी तुटणारी जागा ‘त्याने यावं असं मला वाटतं’ ही. दुसऱ्याकडून काही हवं असेल तर मराठी वेगळं उपवाक्य करते, म्हणून ‘आय वॉन्ट दॅट ही शुड कम’. लॅरी सेलिंकर यांनी १९७२च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात भारतीयांच्या इंग्रजीत ‘दॅट’चं उपवाक्य असं सगळीकडे पसरून स्थिर होतं याची नोंद घेतली होती.

हिंदी या सगळ्यात आणखी एक पदर घालते. तिच्यात ‘जाना’ हे एकच रूप ‘मुझे जाना है’, ‘जाने दो’, ‘जाने के लिए’ अशी बरीच कामं करतं. नागपूरचं मूल दिवसभरात ‘जाचं हाय’, ‘जायचं आहे’ आणि ‘जाना है’ ही तिन्ही रूपं सहज बदलत असतं. ‘एका अर्थाला दोन भाषांत दोन बांधण्या’ ही कल्पना त्याला शिकवावी लागत नाही.

मात्र सगळ्या चुका मातृभाषेच्या माथी मारता येत नाहीत. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये दाखवलं की बऱ्याच चुका शिकणाऱ्याने स्वतः रचलेल्या तात्पुरत्या नियमांतून येतात. ‘डिड नॉट वेंट’चं मूळ मराठीत नाही. भूतकाळ दाखवायचा तर क्रियापद भूतकाळात हवं, या इंग्रजीतच शिकलेल्या नियमाची ती अतिरेकी अंमलबजावणी आहे. अशा मुलाला पुन्हा काळांचा तक्ता देऊन उपयोग नाही. ‘डिड’, ‘डझ’, ‘कॅन’, ‘विल’, ‘लेट’ यांच्यामागे नेहमी साधंच रूप येतं, हा एकच सराव या पाचही ठिकाणी एकत्र द्यायला हवा. पुस्तकं हे पाच शब्द पाच धड्यांत शिकवतात.

परीक्षेतला इन्फिनिटिव्ह

वर्गात काय होतं ते शेवटी प्रश्नपत्रिका ठरवते. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या गाजलेला प्रश्न म्हणजे ‘रिमूव्ह टू’: ‘शी वॉज टू टायर्ड टू वॉक’चं ‘शी वॉज सो टायर्ड दॅट शी कुड नॉट वॉक’ करा. यातले दोन ‘टू’ स्पेलिंगने वेगळे, उच्चाराने जवळजवळ सारखे, त्यामुळे कुठला काढायचा इथेच मूल अडतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की या प्रश्नात इन्फिनिटिव्ह वाक्यातून बाहेर जातो आणि त्याच्या जागी ‘दॅट’चं उपवाक्य येतं. म्हणजे ज्या बांधणीकडे मराठी मूल आधीच झुकलेलं आहे, तिचाच सराव परीक्षा देते. दोन वाक्यं जोडून इन्फिनिटिव्ह बनवण्याचा उलटा प्रश्नही विचारला जातो, पण कमी.

या प्रकाराचा बचावही ऐकायला हवा. लाखो उत्तरपत्रिका थोड्या दिवसांत तपासायच्या असतात, उत्तर एकच आणि निर्विवाद असावं लागतं, आणि ग्रामीण भागातल्या मुलाला तयारी करून हमखास गुण मिळवता येतील असे काही प्रश्न असणं न्यायाचंही आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांतल्या शिक्षकांच्या दृष्टीने या शेवटच्या मुद्द्याला फार किंमत आहे.

अचूक कशाला म्हणायचं, हा वादही इथेच येतो. इंग्लंडमध्ये ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये दुसरा शब्द घालू नये यावर हेन्री आल्फर्ड यांच्या १८६४च्या पुस्तकापासून वाद पेटला. १९२६ मध्ये फाउलर यांनी तो आग्रह सैल केला आणि आज तो जवळजवळ विझला आहे. आपल्याकडचा प्रश्न वेगळा आहे. ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ हे भारतातल्या शिकल्या-सवरल्या माणसांच्या पत्रांत रोज दिसतं. ब्रज काचरू यांच्या मांडणीनंतर काही अभ्यासक अशा रूपांना भारतीय इंग्रजीची वैशिष्ट्यं मानतात. शिक्षक आणि परीक्षक मात्र त्यांना चूकच धरतात, कारण मुलाखतीला बसलेला मुलगा त्या एका वाक्यावर जोखला जाऊ शकतो.

हाताशी असलेलं साहित्य

सरावासाठी इथे एक जिवंत साधन रोज दारात पडतं. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीने १९११ मध्ये सुरू केलेलं ‘हितवाद’ हे नागपूरचं इंग्रजी दैनिक. इंग्रजी बातम्यांच्या मथळ्यांत भविष्यकाळ ‘टू’ने दाखवतात: हिवाळी अधिवेशन सुरू होणार असेल तर ‘विंटर सेशन टू बिगिन’, मंत्री येणार असतील तर ‘मिनिस्टर टू व्हिजिट’. मथळ्यातून गाळलेला ‘इज’ भरून पूर्ण वाक्य करणं, मग त्याचं ‘विल’चं वाक्य करणं, हा सराव आठवीच्या मुलाला झेपतो. आपल्या गावातल्या घटनांचा असल्यामुळे तो कृत्रिमही वाटत नाही. ‘टू बी हेल्ड’, ‘टू बी ओपन्ड’ अशी कर्मणी रूपं तर मथळ्यांइतकी दाट दुसरीकडे सापडणं कठीण.

साहित्य निवडताना वारंवारितेचाही विचार हवा. बायबर आणि सहकाऱ्यांच्या १९९९च्या व्याकरणात प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचे नमुने तपासले आहेत. बोलण्यात ‘टू’ घेणाऱ्या क्रियापदांत ‘वॉन्ट’ इतरांच्या फार पुढे आहे. ‘टू हॅव बीन डन’सारखी रूपं त्यामानाने विरळ. तक्ता पूर्ण भरण्याच्या ओढीने दोन्हींना सारखाच वेळ मिळतो, तो मिळू नये असं मला ठामपणे वाटतं.

अजून न सुटलेलं

क्रम कुठला, हे ठरलेलं नाही. साधं रूप आधी पक्कं करावं आणि ‘टू’ त्यावर चढवावा, की ‘वॉन्ट टू’ हा आख्खा तुकडा आधी ओठांवर बसवावा? दुसरा मार्ग लहान मुलांच्या जवळचा आहे, पण त्यातून ‘कॅन टू’ फुटण्याचा धोका आहे. पहिला व्यवस्थित आहे, पण रूक्ष.

बोलीचा आधार घेण्याची कल्पना पटण्याजोगी असली तरी ती वर्गात किती चालते, हे तुलना करूनच कळेल. हिंगणा, काटोल, रामटेक तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळांत एका गटाला ‘खेळाले’वरून आणि दुसऱ्याला थेट इंग्रजीतून सराव द्यावा आणि सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या मोकळ्या लेखनात ‘टू’ मोजावा. असा प्रयोग एखाद्या अध्यापक महाविद्यालयाच्या आवाक्यातला आहे. शिक्षक स्वतः त्या बोलीचा नसेल तर काय, हा प्रश्न त्यात वेगळा धरावा लागेल. सेमी इंग्रजीच्या मुलांचंही वेगळं पाहायला हवं. त्यांना विज्ञान-गणिताच्या पुस्तकात ‘फाइंड’, ‘ड्रॉ’, ‘लेट एक्स बी’ अशी साधी रूपं रोज भेटतात. त्याचा त्यांच्या इंग्रजीवर परिणाम होतो का, हे तपासण्यासारखं आहे.

परिभाषेचा प्रश्नही उरतो. दहावीला संस्कृत घेतलेलं मूल ‘हेत्वर्थक तुमन्त’ शिकतं: ‘कर्तुम्’, ‘गन्तुम्’. मराठीच्या तासाला त्याला धातुसाधितं भेटतात, ज्यांचा सूक्ष्म विचार मोरो केशव दामल्यांनी १९११ मध्येच केला आहे. इंग्रजीच्या तासाला तेच मूल ‘इन्फिनिटिव्ह’ शिकतं. ही तिन्ही एकमेकांची नात्यातली आहेत हे त्याला कोणी सांगत नाही, कारण शिक्षक तीन आणि पुस्तकंही तीन. ‘गन्तुम्’ला ‘टू गो’ सहज जुळतो, पण ‘कॅन गो’ला संस्कृतातही ‘गन्तुं शक्नोति’ असं तेच रूप लागतं, तर मराठीत ‘जाऊ’ आणि इंग्रजीत नुसतं ‘गो’. एवढा तीन ओळींचा तक्ता फळ्यावर मांडायला इंग्रजी, मराठी आणि संस्कृतच्या शिक्षकांनी एक तास एकत्र घेतला तरी पुरे. तो नववीत घ्यावा की त्याआधी सातवीतच, यावर आमच्या शिक्षकमंडळींत अजून दोन मतं आहेत.